पाय आधी पाण्यात फुटले : केरी ते एडिनबरा

एकतीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीच्या धड्याला फळ्यावर एक चित्र दरवर्षी काढायचे. आटत चाललेलं तळं, काठावर धडपडणारा मासा आणि शेजारच्या चौकटीत पाय फुटलेला तोच मासा. पाणी आटलं, मासा बाहेर पडला, जमिनीवर सरपटता सरपटता त्याला पाय आले, अशी ती गोष्ट. मुलांना ती पटायची, मलाही पटायची. निवृत्तीनंतर निवांत वाचायला मिळालं तेव्हा कळलं, की त्या गोष्टीचा क्रमच उलटा आहे. पाय आधी पाण्यात आले, जमीन त्यानंतर बऱ्याच काळाने. हे सांगणारे दगड आणि हाडं कुठे आहेत तेही वाचून ठाऊक झालं, आणि मग ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय चैन पडेना.

भाच्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, गाडी मी चालवतो, तू फक्त कुठे थांबायचं ते सांग." मेअखेरीचे सात दिवस ठरले. मार्ग काळाच्या क्रमाने आखला: आधी आयर्लंडच्या केरी परगण्यातले ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे, मग केंब्रिजमधली साधारण ३६.५ कोटी वर्षांपूर्वीची हाडं आणि शेवटी स्कॉटलंड, जिथे हे प्राणी खरोखर जमिनीवर स्थिरावलेले दिसतात.

दिवस पहिला : व्हॅलेंशिया बेट

रीनार्ड पॉइंटवरून फेरीबोट गाडीसकट काही मिनिटांत नाइट्सटाउनला सोडते. १८६६ साली अटलांटिकच्या तळातून अमेरिकेपर्यंत पोचलेली आणि टिकलेली पहिली तार या बेटावरून गेली, त्यामुळे गावात त्या तारेच्या खुणा ठिकठिकाणी आहेत. आम्ही सामान टाकलं आणि थेट उत्तर किनारा गाठला.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इवान श्टोसेल नावाचा स्वित्झर्लंडचा एक विद्यार्थी इथे खडकांचा अभ्यास करत होता. समुद्राकडे कललेल्या एका फरशीवर त्याला खळग्यांच्या दोन समांतर रांगा दिसल्या. पुढे त्या ठशांची गणना जगातल्या सर्वांत जुन्या चतुष्पाद-ठशांमध्ये झाली. चतुष्पाद, म्हणजे टेट्रापॉड, हा शब्द इथे शास्त्रातल्या अर्थाने घ्यायचा. ज्यांच्या पूर्वजांना चार पाय होते ते सगळे पृष्ठवंशीय त्यात येतात: बेडूक, पाल, चिमणी, गाय, पाय गमावलेला साप आणि आपण.

पायवाटेने खाली उतरलो. झिमझिम पाऊस, आभाळ गच्च. फलक होता, कठडा होता, जांभळट करडी फरशी समोर होती. आणि काही दिसेना! अर्धा तास बघत उभे राहिलो. भाचा एका खळग्याकडे बोट दाखवायचा, मी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही खळगे साध्या झिजेचेच वाटायचे. इतक्या लांबून येऊन रिकाम्या हाती परतायचं या विचाराने माझा चेहरा उतरला असणार. घरमालकीणबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, "दुपारी गेला होतात का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "दुपारी कुणालाच दिसत नाहीत. सूर्य मावळायला तासभर उरला की जा, आणि ऊन असेल तरच जा." उद्याचा अंदाज बरा आहे, असंही त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी चाउडर घेतलं. मासे, शिंपले आणि बटाटे घातलेलं दाट दुधाळ सूप, सोबत सोडा घालून केलेला खरबरीत तपकिरी पाव आणि खारं लोणी. बाहेर वारा घोंघावत होता. त्या हवेला याहून बरं जेवण मला सुचत नाही.

(जाणाऱ्यांसाठी: फेरी वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंतच चालते, एरवी पोर्टमॅगीच्या पुलावरून बेटावर जाता येतं. ठशांकडे जाणारी वाट उताराची आहे आणि ओल्या खडकावर पाय सटकतो, तेव्हा पकड असलेले बूट घाला. कठडा ओलांडू नका. ठशांवर पाय देणं, त्यांत काही ओतून साचा काढणं, दगड उचलणं, काहीच करायचं नाही.)

दिवस दुसरा : तिरपं ऊन

सकाळी पाटीच्या दगडाची जुनी खाण बघितली. लंडनच्या संसदभवनाला इथला दगड गेला आहे. पण खरं सांगायचं तर मन संध्याकाळकडेच लागलं होतं.

मेअखेरीला इथे साडेनऊनंतर सूर्यास्त होतो, तोही वायव्येला. साडेआठला आम्ही खाली पोचलो तेव्हा ऊन फरशीला जवळजवळ चाटून जात होतं. आणि काल जिथे सपाट दगड होता तिथे आज प्रत्येक खळग्याला सावलीची कड आली होती. डावा, उजवा, डावा, उजवा. काही ठसे मोठे, काही लहान. कुणीतरी या चिखलातून वळत वळत गेलं होतं. सकाळच्या सरीचं पाणी काही ठशांत साचून राहिलं होतं, तेवढे गोल तुकडे चकाकत होते. एकदा ओळ दिसली, की नजर तिच्यावरून हलत नाही. मी मनातल्या मनात पावलं मोजायला लागले आणि तिसाच्या पुढे घसा दाटून आला. इथला मुख्य माग सुमारे दीडशे ठशांचा आहे.

बोटांच्या खुणा मात्र नाहीत. त्यामुळे हा प्राणी नेमका कुठला, त्याला किती बोटं होती, हे दगड सांगत नाही. चालण्याची पद्धत सांगतो. तो साधारण मीटरभर लांबीचा असावा, असा अंदाज ठशांमधल्या अंतरांवरून करतात. तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. उष्ण, बरीचशी कोरडी हवा, मोठाल्या नद्या, त्यांचे पसरट गाळाचे काठ. तो ओल्या गाळावरून गेला की वीतभर पाण्यातून, याबद्दलही मतं आहेत. वयाबद्दल मात्र खात्री आहे, कारण याच थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा सापडला आणि त्यातल्या स्फटिकांवरून ३८.५ कोटी हा आकडा काढता आला.

आता यातली गंमत अशी. उत्तर कॅनडातल्या एल्समिअर बेटावर २००४ साली टिकटालिक नावाच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला आणि २००६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. खवले आणि पर, म्हणजे पोहायचे पंख, माशाचे, पण मान मोकळी, डोकं चपटं आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. मासा आणि चतुष्पाद यांच्यामधला दुवा म्हणून तो जगभर गाजला. त्याचं वय ३७.५ कोटी वर्षं. म्हणजे त्या दुव्याच्या एक कोटी वर्षं आधी कुणीतरी या केरीच्या चिखलात पावलं उमटवून गेलेलं होतं! पोलंडमधल्या झाखेउमिए खाणीतले, २०१० मध्ये जाहीर झालेले ठसे तर याहूनही जुने आहेत, पण ते खरंच पायांचे आहेत का यावर अजून वाद चालू आहे. याचा अर्थ टिकटालिक निरुपयोगी ठरला असा नाही. तो आपला थेट पणजोबा नसून त्या घराण्यातला मागे राहिलेला काका आहे, एवढंच. पणजोबांची हाडं अजून मिळालेली नाहीत, पावलं तेवढी मिळाली आहेत.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, याला माहीत होतं का गं, की तो कुठे चाललाय?" मी म्हटलं, "नाही रे. पलीकडचं डबकं गाठायचं असेल."

सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांत फरशी पुन्हा सपाट झाली.

दिवस तिसरा : कॅसलग्रेगरी, जिवंत उभयचर

आयर्लंडमध्ये उभयचर अवघे तीन: साधा बेडूक, गुळगुळीत कातडीचा, पालीसारख्या अंगाचा न्यूट आणि नॅटरजॅक भेक. त्यातला नॅटरजॅक मूळचा फक्त केरीतच, किनाऱ्यालगतच्या थोड्याशा पट्ट्यात. ठशांच्याच परगण्यात तो राहतो, मग त्याला न भेटता कसं जायचं? डिंगलच्या आखाताला वळसा घालून कॅसलग्रेगरीला आलो. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामधून उथळ पाणथळ, वर सतत हलणारं आभाळ.

आधीच पत्रव्यवहार करून ठेवला होता त्या शेतकरी आजोबांनी फाटकापाशीच हात मिळवला. नॅटरजॅकला उथळ, उन्हात तापणारं, काठाला गवत आखूड असलेलं पाणी लागतं. अशी डबकी बुजत गेली म्हणून २००८ पासून इथल्या शेतकऱ्यांना मोबदला देऊन तळी खणून घेतली जातात, काठचं गवत गुरांकडून चरवून आखूड ठेवलं जातं. आजोबांच्या रानातही असं तळं आहे. ते म्हणाले, "माझे वडील तळी बुजवत होते, मी खणतोय. वडिलांना गवत हवं होतं, मला आवाज हवाय." कसला आवाज, ते रात्री कळणार होतं.

दुपारी त्यांनी घराजवळचं दुसरं, जरा खोल तळं दाखवलं. मी काठावर पालथी झाले आणि पाण्यात बघत राहिले. शेवाळाच्या फांद्यांमधून एक न्यूट आला, बोटभर लांब, पोट नारिंगी, पाठीवर नागमोडी झालर. नर होता, विणीच्या दिवसांतला. तो पोहत नव्हता. तळावरून चालत होता! उजवा पुढचा पाय पुढे, त्याबरोबर डावा मागचा. मग डावा पुढचा आणि उजवा मागचा. प्रत्येक पावलाला अंग माशासारखं बाकदार वळायचं, एकदा या बाजूला, एकदा त्या. काल संध्याकाळी दगडावर बघितलेली ओळ माझ्यासमोर पाण्याखाली घडत होती.

त्याचे पाय किती काटकुळे! जमिनीवर या पायांनी त्याला अंग ओढावं लागतं. पाण्यात त्याला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे एवढेसे पायही पुरतात. शेवाळाची काडी धरायला, दोन दगडांच्या मधून अंग रेटायला, एका जागी टेकून भक्ष्याची वाट बघायला. पाण्यात पायांचा काय उपयोग, हा प्रश्न मुलं मला विचारायची आणि मी गडबडायचे. त्याचं उत्तर या तळ्यात चालत होतं. वर्गात दाखवायला असं तळं हवं होतं. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, तीही मोजता आली. बोटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे केंब्रिजमध्ये त्याचं काम आहे.

आजींनी चहाबरोबर घरचा तपकिरी पाव आणि रुबार्बचा मुरंबा दिला. आंबट, किंचित तुरट. मी दोनदा मागून घेतला.

रात्री दहानंतर आम्ही टेकड्यांकडे निघालो. पाऊस पडून गेला होता, वारा पडला होता, हवेत उबारा होता. आधी एक आवाज आला, मग दुसरा, आणि मग सगळीकडून एकदम. कर्रर्र, कर्रर्र, एखादं यंत्र चालू-बंद करावं तसा. किलोमीटरभर लांबूनही ऐकू येतो म्हणतात आणि ते खरं असावं, कारण तळ्याजवळ आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आजोबांनी लाल कागद लावलेली विजेरी जमिनीवर रोखली. तळहातात मावेल एवढा एक भेक, पाठीवर मधोमध पिवळी रेघ. बेडकासारखी उडी त्याने मारलीच नाही. आखूड पायांवर उंदरासारखा तुरुतुरु धावत गेला, थांबला, पुन्हा धावला. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. पाण्यात उतरला, पुढच्या पायांवर उभा राहिला, गळ्याखालची पिशवी फुगवली आणि त्या गोंगाटात आपला आवाज मिसळला.

कोट्यवधी वर्षं जमिनीवर काढून झाली तरी हा दर वसंतात अंडी घालायला पाण्यातच येतो. उथळ पाण्यात काळ्या मण्यांच्या माळा पसरलेल्या दिसल्या. ते पाणी उन्हाने लवकर आटलं, तर त्या वर्षीची अख्खी वीण जाते.

(नॅटरजॅकला कायद्याचं संरक्षण आहे. हात लावायचा नाही, अंड्यांच्या जवळ पाण्यात पाय घालायचा नाही. जमीन खासगी असते, परवानगी घेऊनच जा. ऐकायला एप्रिल ते जून बरा, आणि पाऊस पडून गेलेली उबदार रात्र मिळाली तर भाग्यच. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना बूट घासून, वाळवून घ्या, कारण उभयचरांचे रोग ओल्या चिखलातून पसरतात.)

दिवस चौथा सगळा प्रवासात गेला. विमान साडेतीन तास उशिरा सुटलं आणि केंब्रिजला पोचेपर्यंत रात्र झाली. त्या दिवसाचं लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस पाचवा : केंब्रिज, आठ बोटं

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात शिरताना डोक्यावर २१ मीटर लांबीच्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. लोक तिथेच मान वर करून थांबतात. देवमासा हाही चतुष्पादच, जमिनीवरून पुन्हा पाण्यात गेलेला. त्याच्या वल्ह्यासारख्या परांत आपल्यासारखीच बोटांची हाडं असतात. त्याला नमस्कार करून आत गेलो.

मी ज्याच्यासाठी आले होते तो अकँथोस्टेगा, सुरुवातीला म्हटलेली ३६.५ कोटी वर्षांपूर्वीची हाडं त्याचीच. लांबी जेमतेम ६० सेंटीमीटर. त्याची गोष्ट जीवाश्मांच्या अभ्यासक जेनी क्लॅक यांच्याशिवाय सांगता येत नाही. १९८०च्या दशकात त्यांना केंब्रिजच्याच भूविज्ञान विभागात एका जुन्या विद्यार्थ्याची टिपणवही मिळाली. त्याने १९७० साली पूर्व ग्रीनलंडहून आणलेले दगड तिथेच पडून होते. त्या दगडांत हाडं होती. त्या सुतावरून क्लॅक १९८७ मध्ये ग्रीनलंडला गेल्या, नेमक्या त्या डोंगरउतारावर पोचल्या आणि अकँथोस्टेगाचे सांगाडे घेऊन आल्या. त्यातल्या एकाला त्यांनी बोरिस असं लाडकं नाव दिलं. दगडातून हाडं मोकळी करायला पुढे वर्षं लागली, आणि १९९० मध्ये त्यांनी आणि मायकेल कोट्स यांनी जाहीर केलं, की याच्या पुढच्या पायाला बोटं आठ आहेत.

आठ! तोवर सगळ्यांनी, मीही, धरून चाललं होतं की पाच हा मूळ आकडा. ग्रीनलंडच्याच इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात निघाली, रशियातल्या टुलरपेटॉनला सहा. पाच हा आकडा नंतर स्थिरावला. परवा न्यूटच्या पुढच्या पायाची चार बोटं मोजली होती, ती पाचांतून आणखी एक कमी होऊन झालेली. माझा उजवा हात काचेजवळ नेला आणि बोटं पसरली. तिकडची आठ बोटं एका पंख्यासारखी, पाठीला पाठ लावून. टाच नाही की मनगट नाही. हा टेकून चालायचा पाय नव्हे, हे वल्हं आहे, बोटं असलेलं.

बाकीचं शरीरही तेच सांगतं. शेपटीला माशासारखी लांब परझालर. कल्ल्यांच्या हाडांवर रक्तवाहिन्यांच्या खोबणी, म्हणजे मोठेपणीही तो कल्ल्यांनी श्वास घेत होता. बरगड्या आखूड, जमिनीवर पोटाचा भार पेलतील अशा नव्हेत. असा प्राणी पाण्याबाहेर फार तर लोळेल. तरी त्याला पाय आहेत आणि बोटं आहेत. माझ्या फळ्यावरच्या चित्रातली दुसरी चौकट इथे पुसली गेली.

मग पाय कशासाठी आले? त्या काळी नदीकाठी पहिली मोठी झाडं उभी राहिली होती. उथळ पाण्यात मुळं, फांद्या, कुजणारा पाला. अशा गुंत्यातून वाट काढायला आणि दबा धरून बसायला पाय उपयोगी. कुजक्या उबट पाण्यात प्राणवायू कमी पडतो, म्हणून तोंड वर काढून हवा घेणं फायद्याचं. फुप्फुसं तर पायांच्याही आधीची, माशांमध्येच आलेली. जमिनीवर लागणारं बरंच सामान पाण्यातच जमा झालं होतं, वेगवेगळ्या कामांसाठी.

बोटांचा उगम त्याच्याही मागे जातो. कॅनडातल्या मिगुआशा इथे एल्पिस्टोस्टेजी या माशाचा १.५७ मीटर लांबीचा पुरा सांगाडा मिळाला. २०२० मध्ये त्याच्या परांचं आतून चित्रण प्रसिद्ध झालं, तेव्हा वर माशाची परझालर आणि आत बोटांच्या हाडांच्या ओळी दिसल्या. बोटं आधी परांत लपलेली होती.

जेनी क्लॅक २०२० मध्ये गेल्या. संग्रहालयातल्या एका स्वयंसेवक बाईंशी बोलताना मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची काढून दिली आणि म्हणाल्या, "बसून बघा, इथे घाई नसते." मी दीड तास बसले. भाच्याने अकँथोस्टेगाचा पाय वहीत काढून दिला, बोटांना आकडे घालून. ते पान आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

(प्रवेश विनामूल्य. सोमवारी बंद असतं, वेळ आधी बघून घ्या. वहीपेन्सिल न्या, छायाचित्रात काचेची चकाकी येते.)

दिवस सहावा : बर्नमथवरून जाताना

पीटरबरोला गाडी बदलून एडिनबरा. उत्तरेकडे जाताना उजवीकडची खिडकी मागा. बेरिक मागे पडलं की रूळ समुद्राच्या कड्याजवळून जातो आणि बर्नमथची वस्ती खाली दिसते. किनाऱ्यावर उभे केलेले खडकांचे पट्टे दिसले तेव्हा मी भाच्याला हलवून उठवलं.

अकँथोस्टेगानंतर साधारण ३६ ते ३४.५ कोटी वर्षांदरम्यान चतुष्पादांचे जीवाश्म जगात जवळपास कुठेच मिळत नव्हते. आल्फ्रेड रोमर या शास्त्रज्ञाच्या नावाने या पोकळीला रोमरचं खिंडार म्हणतात. खिंडाराआधी पाण्यातले आठबोटे, खिंडारानंतर एकदम जमिनीवरचे पाचबोटे, आणि मधलं काहीच नाही. प्राणी कमी होते की शोधणारे कमी पडले? ग्लासगोच्या संग्रहातल्या एका सांगाड्याने सूचना दिली. तो १९७१ साली मिळाला आणि मासा म्हणून पडून राहिला. २००२ मध्ये क्लॅक यांनीच दाखवून दिलं, की हा चार पायांचा प्राणी आहे आणि याची पावलं पुढच्या दिशेला वळलेली आहेत, म्हणजे चालणाऱ्याची. त्याचं नाव पेडरपीस. मग स्टॅन वूड या स्वतंत्रपणे जीवाश्म शोधणाऱ्या गृहस्थांनी याच इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीच्या भागातल्या नदीपात्रांतून एकामागून एक सांगाडे काढले. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी वूड गेले. बर्नमथचे हे खडक त्याच काळातले आहेत.

गाडी पुढे गेली. सगळं मिळून मिनिटभर दिसलं असेल.

दिवस सातवा : एडिनबरा

राष्ट्रीय संग्रहालयात सकाळी दार उघडताच शिरलो. इथली लिझी बघायची होती. पूर्ण नाव वेस्टलोथिआना लिझिए, वीतभर, पालीसारखी नाजूक. स्टॅन वूड यांना १९८०च्या दशकात बाथगेटजवळच्या एका दगडी कुंपणात जीवाश्म दिसला. कुंपणाचा दगड कुठून आला याचा माग काढत ते ईस्ट कर्कटनच्या बंद पडलेल्या खाणीत पोचले. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखींच्या शेजारी एक तळं होतं, गरम झऱ्यांचं. तळ्यात मासे जवळपास नव्हते, पण काठावर चालणाऱ्या प्राण्यांची गर्दी होती: विंचू, सहस्रपाद किडे, बेडकांच्या दूरच्या आप्तांपैकी बॅलनरपेटॉन आणि ही लिझी. केरीचे ठसे ते लिझी यांत साधारण साडेपाच कोटी वर्षं गेली. पाय फुटायला आणि त्यांवर उभं राहायला लागलेला हा वेळ. एवढ्या वेळाला मी वर्गात एक तासिका देत होते.

दुपारी वनस्पती उद्यानात गेलो, पाय मोकळे करायला. तळ्याच्या उथळ कडेला एका बुडालेल्या दगडावर बेडूकमासे बसले होते, साध्या बेडकाचे. आपल्या भाषेने या जिवाला किती नेमकं नाव दिलंय! मी वाकले. बहुतेकांना नुसती शेपटी. एकाला मात्र शेपटीच्या मुळाशी दोन मागचे पाय, काडीच्या टोकाएवढे, गुडघ्यात दुमडलेले. पुढचे अजून कातडीखाली असणार, ते नंतर बाहेर येतात. बेडूकमासा म्हणजे उत्क्रांतीची उजळणी नव्हे, हे मला माहीत आहे. त्याची वाढ ही त्याची स्वतःची आहे. तरी मी तिथून हलले नाही.

पोहताना त्याचं सगळं काम शेपटी करत होती, पाय नुसते मागे लोंबत होते. मग तो दगडाच्या कडेला आला, शेपटी थांबली, आणि त्याने एक पाय लांब करून दगडाला टेकवला. पाचही बोटं दिसली.

"मावशी, पाऊस आला," भाचा म्हणाला. पाण्यावर थेंबांची वर्तुळं उठली आणि दगड दिसेनासा झाला.